पुठ्ठ्याचा घोडा मान का टाकतो? वाकणाऱ्या, फुगणाऱ्या, खचणाऱ्या शिल्पांची दुरुस्ती

गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस एकच तक्रार फिरून फिरून ऐकू येते. घोडा असो, हत्ती असो, पिसारा फुलवलेला मोर असो, पुठ्ठ्याचं काम झालं त्या दिवशी ताठ उभं होतं. रंग दिला, सगळ्यांनी कौतुक केलं, आणि आठवडा व्हायच्या आत घोड्यानं मान टाकली. कुणाचे पाय फाकतात, कुणाच्या पंखांना पोक येतं. मग घाईघाईत वरून टेप लागते, टेप झाकायला मैद्याच्या खळीत भिजवलेला कागद, त्यावर पुन्हा रंग. दोन दिवसांनी मान आणखी खाली.

हा शेवटचा उपायच बहुतेक वेळा मूळ दुखणं वाढवतो, म्हणून इतकं सविस्तर लिहितो आहे.

मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आली आणि सजावटीच्या कामात पुठ्ठा मोठ्या प्रमाणावर शिरला. चांगलंच झालं. पण हात थर्माकोलला सरावलेले होते आणि सवयी त्याच राहिल्या. थर्माकोल कुठूनही कापा, कसाही फिरवून लावा, सगळ्या बाजूंनी सारखाच. वर पाण्याचा रंग कितीही द्या, तो पाणी पीत नाही. पुठ्ठ्याच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी उलट आहेत. त्याला दिशा असते आणि तो पाणी पितो. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या जवळजवळ प्रत्येक शिल्पाचं दुखणं या दोनपैकी एका कारणाशी, नाहीतर दोन्हींशी जाऊन थांबतं. आणि त्यातलं पाणी पावसाळी हवेतून जेवढं येतं त्याहून जास्त आपल्या ब्रशमधून आणि खळीच्या भांड्यातून येतं.

आधी हे आठवा: बिघाड कधी झाला?

काय वाकलं यापेक्षा कधी वाकलं यावरून कारण लवकर सापडतं.

रंग दिल्यावर काही तासांत किंवा दुसऱ्या सकाळी सपाट भाग वळला असेल, तर एका बाजूनं पाणी बसलं आहे. एकदम काही झालं नाही, पण आठ-पंधरा दिवसांत मान बोट-बोट करत खाली आली असेल, तर पुठ्ठ्याच्या आत ज्या बारीक नळ्या असतात त्यांची दिशा चुकली आहे किंवा पुढचं वजन जास्त आहे. पावसाची झड लागली की शिल्प मऊ पडतं आणि उघडीप मिळाली की सुधारतं, असं असेल तर वरचं आवरण अपुरं आहे. दुपारी टेम्पोतून नेताना किंवा मोठ्या दिव्याजवळ ठेवल्यावर सांधे उघडले असतील, तर ग्लू गनवर नको तितका भरवसा टाकला गेला. आणि वरचं सगळं शाबूत असून पाय फक्त तळाशी बसले असतील, तर फरशी पुसणाऱ्या फडक्याकडे पाहा. हे कारण फार कमी लोकांच्या लक्षात येतं.

पुष्कळदा दोन कारणं एकत्र असतात. चुकीच्या दिशेच्या नळ्या कोरड्या दिवसांत कशाबशा तग धरतात आणि रंगाचं पाणी मिळालं की कोसळतात. अशा वेळी दोष रंगाला दिला जातो आणि सांगाडा पुढच्या वर्षी तसाच कापला जातो.

पुठ्ठ्याची दिशा

खोक्याचा एक तुकडा कापा आणि त्याच्या कडा बघा. एका कडेवर लाटा दिसतील, शेजारच्या कडेवर सरळ रेघा. दोन सपाट कागदांच्या मध्ये नागमोडी कागद चिकटवलेला असतो आणि त्याच्यामुळे आत नळ्या तयार होतात. तुकडा नळ्या उभ्या राहतील असा धरून वरून दाबा, चांगला जोर लागतो. आता फिरवून नळ्या आडव्या करा आणि पुन्हा दाबा, सहज मोडतो. म्हणूनच खोक्याच्या भिंतींत नळ्या उभ्या असतात. गोदामात खोक्यावर खोकं चढतं आणि भार त्या नळ्यांना पेलायचा असतो.

बाजारात याला थ्री प्लाय, फाइव्ह प्लाय म्हणतात. थ्री प्लाय म्हणजे दोन सपाट कागद आणि एक नागमोडी, जाडी साधारण तीन-चार मिलिमीटर. फाइव्ह प्लायमध्ये नागमोडी कागदाचे दोन थर असतात आणि जाडी सहा-सात मिलिमीटरपर्यंत जाते. मिक्सरच्या किंवा बुटांच्या खोक्यांचा पुठ्ठा बारीक नळ्यांचा, दीडेक मिलिमीटरचा असतो. तो चेहऱ्याच्या बारीक वळणांना उत्तम, पण सांगाड्याला वापरू नका. सांगाड्यासाठी फ्रिज किंवा वॉशिंग मशीनचं खोकं रद्दीवाल्याकडून मिळवा. केळ्यांची खोकी जाड असतात, पण त्यांना बऱ्याचदा ओल लागून गेलेली असते. तुकडा दुमडून पाहा. करकर आवाज न होता मुकाट्यानं दुमडला तर तो सांगाड्याला घेऊ नका.

आता घोड्याकडे येऊ. बहुतेक जण मोठ्या खोक्याच्या एका बाजूवर आख्ख्या घोड्याची बाह्यरेषा काढतात आणि एकसंध कापतात. पाय उभे, नळ्याही उभ्या, त्यामुळे पायांचं काम बरोबर होतं. पण मान पुढे झुकलेली असते. उभ्या नळ्या तिला आडव्या छेदून जातात, आणि त्यातली प्रत्येक नळी म्हणजे आयती तयार असलेली घडीची रेघ. मान त्यातल्याच एका रेघेवर मोडते, बहुधा छातीजवळच्या, कारण सगळा भार तिथं येतो. मोराच्या पिसाऱ्याचं आणि गरुडाच्या पंखांचं हेच होतं. पुठ्ठ्याच्या एका सलग तुकड्यातून कापलेला पंख अर्ध्या भागात ताठ राहतो आणि अर्ध्यात लोंबतो. ज्या भागात नळ्या पंखाच्या लांबीला समांतर आहेत तो ताठ, बाकीचा लोंबलेला.

म्हणून मान, पंख, सोंड, शेपूट, जे जे शरीरातून बाहेर झेपावतं ते वेगळं कापा आणि त्याच्या नळ्या त्याच्याच लांबीच्या दिशेनं ठेवा. तो तुकडा धडाच्या आत खोलवर न्या. माझा ठोकताळा असा की बाहेर जेवढी मान दिसते त्याच्या निदान एक तृतीयांश लांबी आत रुतलेली हवी, आणि आत तिला दोन ठिकाणी आधार हवा. नुसती छातीच्या पृष्ठभागाला चिकटवलेली मान कितीही फेव्हिकॉल लावला तरी एक दिवस वरचा कागद सोलून घेऊन निघते. गोंद तुटत नाही, पुठ्ठ्याचा कागदच थरातून सुटतो.

एका थरावर भागत नसेल तर तीन थर घ्या. बाहेरच्या दोन थरांच्या नळ्या मानेच्या लांबीनं, मधल्या थराच्या आडव्या. प्लायवूडमध्ये हेच तत्त्व असतं. फ्रँक गेहरी या वास्तुविशारदानं १९७२ साली पुठ्ठ्याची विगल नावाची खुर्ची केली. ती माणूस बसण्याइतकी भक्कम झाली, कारण तिच्यात पुठ्ठ्याचे थर नळ्यांची दिशा आलटून-पालटून एकमेकांवर चढवले होते. थर तीन किंवा पाच असे विषम ठेवा. दोनच थर एकमेकांना आडवे लावले तर हवा दमट झाल्यावर दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि तुकडा पीळ घेतो.

थर लावताना पूर्ण पृष्ठभाग चिकटला पाहिजे, हे सांगण्यामागे हिशेब आहे. दोन सारखे पुठ्ठे नुसते टेपनं कडेला बांधले तर ते वाकताना एकमेकांवर सरकतात आणि ताठपणा जेमतेम दुप्पट होतो. तेच पूर्ण चिकटवले, सरकायला जागा ठेवली नाही, तर त्याच्या कितीतरी पट होतो. लांबीचा हिशेब उलट्या बाजूनं तसाच आहे. टोकाला तेवढंच वजन ठेवून मान दुप्पट लांब केली तर ती आठपट खाली येते. म्हणून घोड्याचं डोकं पोकळ ठेवा. आत रद्दीचे बोळे कोंबून डोकं भरीव करायची सवय फार दिसते. ते बोळे खळीचं पाणी पितात आणि आठवडाभर ओले राहतात, तेही नेमके सगळ्यात दूरच्या टोकाला.

आणखी एक गोष्ट. पुठ्ठा आज एखादं वजन पेलतो म्हणून महिनाभर पेलेल असं नाही. सततच्या भाराखाली तो कणाकणानं खचत जातो, आणि हवेतला ओलावा दिवसा कमी, रात्री जास्त असा हेलकावत राहिला की खचण्याचा वेग वाढतो. सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असताना खोकं जेवढा भार घेतं, त्याच्या साधारण निम्माच भार ते ९० टक्क्यांत घेतं. जुलै-ऑगस्टात मुंबईत आणि कोकणपट्टीत आर्द्रता सहसा ८० टक्क्यांच्या वरच असते. मे महिन्यात उभा करून पाहिलेला सांगाडा भाद्रपदात निम्म्या ताकदीचा धरा आणि तेवढ्या हिशेबानंच जाडी ठरवा.

लांब मानेला, उंच पायांना आतून बांबूची कामटी द्यायला कमीपणा मानू नका. शुद्ध पुठ्ठ्याचंच शिल्प करायचं असेल तर कापडाच्या दुकानातून ताग्यातली पुठ्ठ्याची नळी आणा. तिच्यात कागद एकावर एक पिळून गुंडाळलेला असतो, त्यामुळे ती भलतीच टणक असते. घोड्याच्या धडात आडवी एक आणि मानेत तिरपी एक अशा दोन नळ्या घातल्या की निम्म्या चिंता मिटतात.

रंगानं वाकणारा सपाट भाग

कागदाचे तंतू ओले झाले की लांबीनं फारसे वाढत नाहीत, रुंदीनं मात्र चांगले फुगतात. तुम्ही एका बाजूला पाण्याचा रंग दिला की ती बाजू पसरते, दुसरी जागची जागी राहते आणि पुठ्ठा रंगाच्या बाजूला फुगवटा घेतो. हे बघून माणूस घाबरतो, उलट्या बाजूला वजन ठेवतो. रंग वाळायला लागला की खेळ उलटतो. भिजून वाळलेला कागद पहिल्यापेक्षा थोडा आखडतो, वरचा रंगाचा पापुद्राही आखडतो, आणि उन्हात घातलेल्या पापडाच्या कडा वळतात तसा पुठ्ठा रंगाच्या बाजूला वळतो. जाड रंग, पांढऱ्या पुट्टीचा लेप, डिस्टेंपर, यांनी हे जास्त होतं.

उपाय पहिला, आणि फुकटचा: जे एका बाजूला कराल ते दुसऱ्याही बाजूला, त्याच बैठकीत. समोरून रंग, मागून तेवढ्याच पाण्याचा हात. मागची बाजू दिसणार नसली तरी. रंग नको असेल तर पातळ केलेला फेव्हिकॉल द्या. दोन्ही कागद सारखे भिजले आणि सारखे वाळले की ओढ दोन्हीकडून सारखी पडते.

दुसरा उपाय, आणि माझ्या मते पावसाळी कामाला तोच खरा: पाण्याचा रंग लागण्याआधी पुठ्ठ्याला लाखेचं पॉलिश द्या. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, पाण्यात नाही, त्यामुळे तिनं पुठ्ठा फुगत नाही. लाकूडकामाचं सामान विकणाऱ्याकडे चपडी लाख आणि पॉलिशचं स्पिरिट दोन्ही मिळतं. एक लिटर स्पिरिटला साधारण दीडशे ग्रॅम लाख बरणीत घालून रात्रभर ठेवा, अधूनमधून हलवा, सकाळी जुन्या धोतराच्या कापडातून गाळा. दोन पातळ हात पुरतात. पहिला हात पुठ्ठा पिऊन टाकतो, दुसरा वर थर धरतो. त्यावर पोस्टर कलर किंवा ॲक्रिलिक व्यवस्थित बसतं. पृष्ठभाग फार गुळगुळीत झाला तर बारीक पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरवा. स्पिरिट झटकन पेट घेतं, तेव्हा हे काम खिडक्या उघड्या ठेवून, समई-उदबत्तीपासून लांब आणि मुलं झोपल्यावर करा.

कडा विसरू नका. कापलेल्या कडेला नळ्यांची तोंडं उघडी असतात आणि सगळ्यात जास्त ओल तिथूनच आत चढते. कडेवर कागदाची पट्टी दुमडून चिकटवायची, मग त्या पट्टीला लाखेचे दोन ऐवजी तीन हात. हे कंटाळवाणं काम आहे आणि ज्यांनी ते केलं त्यांची शिल्पं दसऱ्यापर्यंत ताठ असतात.

तिसरा मुद्दा खळीचा. मैद्याची खळ स्वस्त आहे, वाळली की कडक होते, मुलांनाही चालते. तिचं वैर वेळेशी आहे. घाई असली की लोक एका दमात चार-पाच थर चढवतात. वरचा थर वाळून आतल्यांचं दार बंद करतो, आणि आतल्या पाण्याला बाहेर पडायची वाट फक्त पुठ्ठ्यातून उरते. पुठ्ठ्याच्या थरांना जोडणारं चिकट द्रव्य स्वतः स्टार्चचंच असतं. ते भिजलं की नागमोडी कागद सपाट कागदापासून सुटतो आणि आतून खोकं पोकळ, लिबलिबीत होतं. बाहेरून काही दिसत नाही, बोटानं दाबलं की कळतं. एका वेळी दोनच थर. पट्टी खळीत बुडवल्यावर दोन बोटांच्या चिमटीतून ओढून जादा खळ निथळून काढायची. पट्ट्या कात्रीनं न कापता फाडायच्या, म्हणजे कडा विरळ होतात, एकमेकांत मिसळतात, आणि गुळगुळीत करायला वरून लेप थापावा लागत नाही. पोकळ धडाला पोटाखाली दोन बोटं जातील एवढं भोक ठेवा. पूर्ण बंद केलेल्या पोटात दमट हवा कोंडते आणि बुरशीचा वास तिथूनच सुरू होतो.

वाळलं की नाही हे हात लावून कळत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर शिल्पाचा भाग ठेवा, वजन लिहून ठेवा, सकाळी पुन्हा तोला. वजन उतरत असेल तोवर पाणी बाहेर पडतं आहे. दोन वजनं सारखी आली की पुढचा हात द्या. काट्यावर न मावणाऱ्या कामाला गाल लावून पाहा, गार लागलं तर आत ओल आहे. पावसाळ्यात पंखा लावून ठेवाच, पण तो एकाच बाजूनं मारू नका, काम फिरवत राहा. नाहीतर एक बाजू आधी आखडते आणि तुम्हीच नवीन बाक आणता.

तळातून बसलेले पाय

पुठ्ठ्याचा पाय फरशीवर टेकतो तेव्हा नळ्यांची तोंडं थेट जमिनीवर असतात. रोज फरशी पुसली जाते, फडक्याचं पाणी त्या नळ्यांतून चार-पाच बोटं वर चढतं, आणि पायाचा तेवढाच भाग मऊ होऊन चेपतो. देवाजवळ ठेवलेल्या कामाला अभिषेकाचं, हातपाय धुऊन येणाऱ्यांच्या ओल्या पावलांचंही पाणी मिळतं. मंडपात तर खाली सतरंजी आणि सतरंजीखाली ओल असतेच.

पायाचे तळ लाखेत बुडवून काढा किंवा त्यांना ऑइल पेंटचे दोन हात द्या, आणि शिल्प जमिनीवर न ठेवता पाटावर, चौरंगावर, निदान चार फरशीच्या तुकड्यांवर ठेवा. जपानी वास्तुविशारद शिगेरू बान यांनी १९९५ च्या कोबे भूकंपानंतर बेघरांसाठी कागदी नळ्यांची घरं बांधली तेव्हा ती जमिनीवर टेकवली नाहीत. खाली बिअरच्या बाटल्यांचे प्लास्टिकचे क्रेट वाळूच्या पिशव्या भरून मांडले आणि त्यावर घर उभं केलं. २००१ च्या भूकंपानंतर भुजमध्येही त्यांनी कागदी नळ्यांचं घर बांधलं होतं. कागदावर राहायचं घर उभं राहत असेल तर आपला घोडा नक्कीच राहील, फक्त त्याचे पाय कोरडे ठेवायला हवेत.

पाटाला वजन हवं. पुढचे पाय उचललेला घोडा किंवा पंख पसरलेला गरुड पुढे कलंडू नये म्हणून पाटाखाली किंवा धडाच्या मागच्या भागात वाळूची छोटी पिशवी घाला. ती आधी तव्यावर भाजून कोरडी केलेली वाळू असू द्या.

सांधे सुटतात तेव्हा

ग्लू गन हाताला तिसरा हात देते. तुकडा जागेवर धरून ठेवायला तिच्याइतकं सोयीचं काही नाही. पण तो गोंद उष्णतेनं वितळवून लावलेला आहे आणि उष्णतेनंच मऊ पडतो. दुपारी उन्हात उभा टेम्पो, हॅलोजनचा दिवा, पत्र्याच्या शेडखालचा मंडप, एवढं पुरतं. शिवाय त्याचा जाड ओघळ दोन पृष्ठभागांना एकमेकांना भिडू देत नाही. तेव्हा गननं टाके घाला आणि खरा सांधा फेव्हिकॉलनं करा. फेव्हिकॉल बोटानं थापू नका, जुन्या कार्डानं ओढून पातळ पसरा, दोन्ही भाग दाबून वजनाखाली रात्रभर ठेवा. मोठे थर चिकटवताना ब्रशनं भरपूर लावलेला फेव्हिकॉल म्हणजे पुन्हा पाणीच.

सतत ओढ असलेला सांधा मात्र कुठल्याच गोंदावर सोडू नका. वाकवून बसवलेली आयाळ, कमान केलेली शेपूट, हे भाग सरळ व्हायला धडपडत असतात आणि पांढरा गोंद त्या ओढीला हळूहळू वश होतो. तुकडा आधी टेबलाच्या कडेवरून नळ्यांना आडवा ओढून ओढून वळणदार करा, म्हणजे त्याची धडपडच उरत नाही. मग खाच पाडून एकात एक अडकवा, नाहीतर टोच्यानं भोकं पाडून सुतळीनं शिवा. शिवण दिसली तरी मला ती आवडते, पण झाकायची असेल तर वर कागदाची पट्टी आहेच.

ब्राऊन टेप सांगाड्यावर राहू देऊ नका. तिच्या गुळगुळीत प्लास्टिकवर खळ धरत नाही, वरचा कागद वाळला की टणकन सुटतो. कागदी मास्किंग टेप घ्या.

मान टाकलेल्या घोड्याची दुरुस्ती

सगळ्यात आधी मानेखाली काठीचा किंवा पुस्तकांचा टेकू द्या. मान होती त्यापेक्षा किंचित वर उचलून धरा. आता दोन दिवस काहीही लावू नका, रंग नाही, खळ नाही, टेप नाही. पंख्याखाली वाळू द्या. ओल्या पुठ्ठ्यावर केलेली दुरुस्ती वाळताना स्वतःच सुटते.

वाळल्यावर मानेच्या खालच्या बाजूला, गळ्याशी पाहा. तिथं आडवी सुरकुती असेल. पुढे झेपावणाऱ्या मानेत वरची बाजू ताणली जाते आणि खालची दाबली जाते. पुठ्ठा ताण बऱ्यापैकी सहन करतो, दाबाखाली मात्र त्याच्या नळ्या चेपतात, आणि एकदा चेपलेली नळी पुन्हा कधी पहिल्यासारखी ताठ होत नाही. तिच्यावर वरून कागद चिकटवण्यात काही अर्थ नाही. त्या जागेला वळसा घालून भार पलीकडे न्यायचा.

कटरनं गळ्याखाली मानेच्या लांबीनं एक चीर द्या, सुरकुतीच्या दोन्ही बाजूंना वीतभर. चीर उघडून आत दोन कामट्या सरकवा, एक गळ्याच्या आतल्या अंगाला, एक मानेच्या वरच्या अंगाला, आणि दोन्ही धडात चांगल्या खोल रुतवा. धडात आधाराला काही नसेल तर पोटाखालच्या भोकातून हात घालून फाइव्ह प्लायचा एक आडवा तुकडा चिकटवा आणि कामट्या त्याला सुतळीनं बांधा. चेपलेल्या भागाच्या आत तीन थरांची पाचर बसवा, नळ्या मानेच्या दिशेनं. फेव्हिकॉल फक्त टेकणाऱ्या जागांवर, पातळ. मग चीर बंद करून वरून मास्किंग टेप.

मानेच्या वरच्या बाजूला, आयाळीखाली, जुन्या सुती साडीची चार बोटं रुंद पट्टी फेव्हिकॉलनं कानांच्या मागून पाठीपर्यंत ताणून चिकटवा. ताण घ्यायला कापडासारखं दुसरं काही नाही. टेकू तसाच ठेवून एक रात्र आणि एक दिवस जाऊ द्या. टेकू काढला आणि मान बोटभर खाली आली तर काळजी नको, तेवढी ती आधी वर उचललेली आहे. त्यानंतर दुरुस्तीच्या जागेला लाखेचा हात, मग रंग, आणि गळ्याला रंग देताना आयाळीच्या बाजूलाही तेवढाच द्या.

डोकं भरीव केलं असेल तर याच वेळी मागून एक झडप कापा आणि आतले बोळे काढून टाका. दुरुस्तीनंतरही मान पुन्हा बसली, असं जिथं जिथं झालं तिथं डोकं जड होतं.

पाठ किंवा पंख वाकला असेल आणि नळ्या चेपल्या नसतील तर काम सोपं आहे. वळलेल्या भागाच्या फुगीर, बिनरंगाच्या बाजूला ओल्या फडक्याचा हलका हात फिरवा, उलट वाकवून दोन पाटांमध्ये, मध्ये वर्तमानपत्र घालून, वजनाखाली ठेवा. कागद सकाळ-संध्याकाळ बदला. सरळ झाल्यावर लगेच त्या बाजूलाही लाखेचा हात द्या, नाहीतर पुढच्या दमट आठवड्यात तो भाग पुन्हा वळेल.

उत्सव झाल्यावर

पुठ्ठ्याचं काम एका हंगामाचं असतं असं मी मानत नाही. पिकासोनं १९१२ साली पुठ्ठा, कागद आणि दोरी घेऊन केलेलं गिटार न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आजही आहे. शंभर वर्षं उलटून गेली. आपल्याकडे संग्रहालयासारखी हवा नाही, पण माळा तर आहे.

माळ्यावर टाकण्याआधी ऑक्टोबरच्या उन्हात दोन दिवस ठेवा, बाजू बदलत. खळीच्या कामाला झुरळ आणि कसर लागते, कारण ते पीठच आहे. पूर्वापार खळीत थोडं मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, घालत आले आहेत. ते विषारी आहे, तेव्हा लहान मुलं ज्या शिल्पाला हात लावणार त्यात घालू नका. तिथं लाखेचा पूर्ण हात पुरेसा संरक्षण देतो. वाळवीचा भरवसा मात्र कशानंच देता येत नाही. शिल्प भिंतीला टेकवू नका, लोखंडी कपाटावर किंवा मांडणीवर ठेवा, चारी बाजूंनी हवा खेळू द्या. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नका, आतली ओल आतच राहते. जुनी सुती चादर टाका. दर दोन-तीन महिन्यांनी चादर उचलून पायांचे तळ आणि कडपट्ट्या तपासा. लाख कुठं खरवडली असेल तर तेवढ्याच जागी ब्रश फिरवा.